साइडपट्टीवरचा हिवाळा

प्रति,
अमरावती जिल्ह्यातील रस्त्यांची कामे पाहणारे सर्व अभियंते



तुमच्यापैकी कोणी सार्वजनिक बांधकाम खात्यात असेल, कोणी जिल्हा परिषदेत, कोणी ग्रामसडक योजनेवर, तर कोणी नगर परिषदेत. कोणता रस्ता कोणाकडे हे आम्हा सायकलवाल्यांना कळत नाही, आणि या पत्रापुरतं ते कळायची गरजही नाही. मागणी सगळ्यांकडे एकच आहे. ती आधीच सांगून टाकतो. पाऊस परतला की, कापसाच्या गाड्या रस्त्याला लागायच्या आत, डांबराच्या दोन्ही कडांना मुरूम भरा, पाणी मारा, रोलर फिरवा आणि साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणा. दसऱ्याला काम धरलं तर दिवाळीपर्यंत उरकतं. वेगळा सायकल ट्रॅक आम्ही मागत नाही. का मागत नाही, तेही पुढे येईल.

मी चांदूर रेल्वेत राहतो आणि नोकरीसाठी सायकलने जवळच्या एका गावी जातो. सुट्टीच्या दिवशी तीच सायकल घेऊन पांदणींनी हिंडतो, मालखेडच्या तलावाकडे जातो, पोहरा-मालखेडच्या जंगलाच्या कडेकडेने फिरतो. सायकल माझं वाहनही आहे आणि माझी आवडही. त्यामुळे हिवाळ्यातला रस्ता मला दोन्ही अंगांनी माहीत आहे.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला चांदूरबाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर जरा वेळ उभं राहून बघा. अंधारात आधी ऐकू येते चेनकव्हरची खडखड, मग कॅरिअरला अडकवलेल्या कॅनचा आवाज. माणूस दिसतो तो अगदी जवळ आल्यावर. तो दूध घालणारा असतो. पेपरचे गठ्ठे घेऊन निघालेला पोरगा असतो. जागलीवरून परतणारा असतो, रात्रभर तुरीतून रोही आणि रानडुकरं हाकलून डोळे लाल झालेला. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली की गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला असतो. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली असते आणि तशा ओल्या कपड्यांनिशी तो थंडीत पायडल मारत घरी येतो. थोडं उजाडलं की बांधकामावर जाणारे गवंडी, स्टेशनवर सायकल लावून बडनेऱ्याकडची नाहीतर वर्ध्याकडची गाडी पकडणारे, आणि मग ट्यूशनला निघालेली मुलंमुली.

या मुलामुलींचा विचार नीट करावा लागेल. फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं. लहानग्यांसाठी ते चांगलंच झालं. पण पाचवीपासून पुढच्यांना ही सवलत नाही, आणि दहावी-बारावीच्या ट्यूशन तर सहा-साडेसहालाच लागतात. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य उगवतो सातच्या सुमारास. म्हणजे सहा किलोमीटरवरून येणारी मुलगी घरून निघते तेव्हा अंधार असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य मावळतो पावणेसहाच्या आत. संध्याकाळचा क्लास करून परतणारीलाही अंधारच लागतो. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. आधी साडेतीन हजार मिळत, पुढे ते पाच हजार झाले. मुलींची शाळा सुटू नये म्हणून सरकारने ही योजना काढली, आणि मी तिचा मनापासून आदर करतो. पण सायकल दिली की ती चालवायला जागाही द्यावी लागते. ती जागा तुमच्या हातात आहे.

लोकांना वाटतं हिवाळ्यात सायकल चालवायची म्हणजे मोठा त्रास थंडीचा. थंडी सोसता येते. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. त्या आठवड्यात आमच्याकडेही हिव कडाक्याचं होतं, आणि दूध मात्र रोज वेळेवर दारात येत होतं. घरून निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं जड जातात. ब्रेकचं लोखंड बोटांना चिकटल्यासारखं लागतं. हातमोजे नसले की पायमोजे हातात चढतात, मफलर कानांवरून हनुवटीखाली येतो, आणि वारा समोरून असला तर डोळ्यांतलं पाणी गालावरून कानाकडे जातं. मग अंग तापतं. पाठीवर घाम आला की स्वेटरची वरची बटणं सुटतात. त्यानंतरची सकाळ इतकी सुंदर असते की मोटारसायकलवाल्याला तिची कल्पना येणार नाही. तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, शेताच्या धुऱ्यावर शेकोटीचा धूर आडवा पसरलेला असतो, कुठे पऱ्हाटी जळल्याचा वास, कुठे हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबूस वास.

सायकलवर थंडी एकसारखी लागत नाही, हे चालवल्याशिवाय कळत नाही. कोरडवाहू कापसाच्या वावराशेजारून जाताना ती सौम्य असते. ओलिताच्या गव्हाजवळ आलात की दमट गारवा पोटऱ्यांना झोंबतो. आणि रस्ता नाल्याकडे उतरू लागला की अचानक अंग आखडतं, कारण थंड हवा जड असते, ती रात्रभर उताराने वाहत येऊन खोलगटात साचते. धुई पडते तीही तिथेच. शेतकरी धुईला घाबरतात ते तुरीच्या फुलोऱ्यासाठी. सायकलवाला घाबरतो तो वेगळ्या कारणाने: जिथे धुई सगळ्यात दाट असते तिथेच पूल असतो, पुलाशी रस्ता आवळलेला असतो, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना पावसाने साइडपट्टी सगळ्यात जास्त खाल्लेली असते. तीन गोष्टी एकाच जागी येतात. हा नकाशा तुमच्या कार्यालयात नसेल, पण रोज सायकलने जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे.

आता कडेबद्दल. तुम्ही जाणकार आहात, तरी सायकलवरून ती कशी दिसते ते सांगतो. रस्त्याचं नूतनीकरण झालं की वर 20 मिलिमीटरचा कारपेट येतो, त्याखाली बहुधा 50 मिलिमीटरचा थर असतो. झाले सात सेंटिमीटर. डांबर वर गेलं, कड होती तिथेच राहिली. त्यावर दोन-तीन पावसाळे गेले की डांबरावरून वाहणारं पाणी कडेची माती खरवडून नेतं आणि वीतभर खड पडते. सिमेंटच्या रस्त्यांचं तर विचारूच नका. त्या लादीची जाडीच वीतभर असते, आणि तिच्या कडेचा मुरूम एकदा धुऊन गेला की सायकलवाल्यासाठी तो ओट्याचा काठ होतो.

मागून ट्रकचा हॉर्न आला की आपण डावीकडे सरकतो. चाक खाली उतरतं. उतरणं जमतं, आपल्या अठ्ठावीस इंची सायकलचं चाक मोठं असतं, दणका पचवून घेतं. पडायला होतं ते परत वर येताना. सायकल उभी राहते ती हँडल डावी-उजवीकडे थोडं थोडं वळवत तोल सांभाळल्यामुळे. खडेत उतरलेलं पुढचं चाक डांबराच्या काठाला घासत चालू लागलं की उजवीकडे वळायची वाटच बंद होते. अंग उजवीकडे झुकलेलं, हँडल वळत नाही, आणि माणूस पडतो तो उजव्या बाजूला, म्हणजे डांबरावर, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाच्या पुढ्यात. सावकाश चालवणाराही असाच पडतो. जुनी माणसं पोरांना शिकवतात की एकदा खाली उतरलास तर थांब, उतर, सायकल उचलून वर घे. पण धुईत, अंधारात, पाठीवर दप्तर आणि डोक्यात पहिल्या तासाची टेस्ट असताना सोळा वर्षांची मुलगी थांबत नाही.

आमच्या ओळखीतली एक मुलगी गेल्या थंडीत अशीच पडली. मागचं वाहन लांब होतं म्हणून वाचली, मनगट मोडलं. ते जुळलं. पण वडिलांनी सायकल घरात टांगून ठेवली आणि आता ती भरगच्च ऑटोच्या टोकाला बसून जाते. मोडलेलं मनगट निदान दवाखान्याच्या कागदावर आलं. सुटलेली सायकल कुठल्याच कागदावर येत नाही. केंद्राच्या अहवालात 2022 साली देशभरात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसं गेल्याची नोंद आहे, त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलवरची होती. भीतीने सायकल सोडून देणाऱ्यांची मोजदाद कुठल्याही अहवालात नसते.

हिवाळ्यावरच एवढा भर का, तर आपल्याकडे कड सगळ्यात खराब असते तेव्हाच रस्ता सगळ्यात भरलेला असतो. पावसाने मुरूम नुकताच धुऊन नेलेला, आणि लगेच कापूस निघतो. गाड्या जिनिंगकडे, धामणगावच्या बाजाराकडे लागतात. मेटाडोरमध्ये, ट्रकमध्ये, ट्रॉलीत कापूस असा भरतात की दोन्ही बाजूंनी तो हातभर बाहेर फुगतो. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. रस्त्याकडेच्या बाभळी जानेवारीत नीट बघा. त्यांच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले असतात, ट्रॉलीच्या उंचीला, ओळीने. त्यातले कितीतरी पुंजके डांबराच्या काठापासून बरेच आत, साइडपट्टीच्या वरच्या फांद्यांवर असतात. म्हणजे भरलेल्या गाडीचं अंग तिथपर्यंत पोचलेलं असतं. सायकलवाल्याचं डोकं आणि खांदा नेमका त्याच जागेत असतो. गाडीवानाला दोष देऊन काही होणार नाही. तो शेतकरीच आहे, एका खेपेत जास्त माल नेणं ही त्याची गरज आहे. त्याला जायला जागा हवी आणि आम्हाला सरकायला.

तुमच्या शास्त्रात यासाठी काय आहे ते मी समजून घेतलं. 1934 साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहिता हा तुमच्या कामाचा पाया. त्यातली 1990 ची, ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेची संहिता सांगते की मोटारगाडी एक एकक धरली तर ट्रक-बस तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, मोठी बैलगाडी आठ आणि सायकल अर्धी. रस्ता किती वाहनं पेलेल याचा हिशेब करायला हे आकडे बरोबर आहेत. सायकल खरंच थोडी जागा व्यापते. पण रुंदी वाढवायची की नाही हे याच बेरजेवर ठरतं, आणि त्या बेरजेत अर्ध्या-अर्ध्याने आलेली माणसं दिसेनाशी होतात. जागा किती अडते याचा हा हिशेब आहे. धोका कोणाला किती, याचा हिशेब वेगळा करावा लागतो आणि तो कोणी मांडत नाही.

सायकल ट्रॅकच्या जुन्या संहितेत निकष आहे: तासाला शंभर-दोनशे मोटारवाहनं जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी तासाला चारशे सायकली असतील तर वेगळा मार्ग करावा; मोटारवाहनं त्याहून जास्त असली तर शंभर सायकलीही पुरतात. चांदूर-अमरावती, चांदूर-धामणगाव, चांदूर-कुऱ्हा, यातल्या कुठल्याही रस्त्यावर हा आकडा भरेल असं मला वाटत नाही. म्हणूनच आम्ही ट्रॅक मागत नाही. निकषात न बसणारी मागणी केली की अर्ज त्याच वाक्यावर परत येतो. साइडपट्टीला असा कोणताच निकष लागत नाही. ती रस्त्याचाच भाग आहे, अंदाजपत्रकात असते, डांबराच्या कडेला आधार देते, डांबर तुटू देत नाही. तुम्ही ती सायकलवाल्यांसाठी करा असंही मी म्हणत नाही; रस्ता टिकवण्यासाठी करा, आम्ही तिच्यावरून जाऊ.

फक्त ती खरी असू द्या. कधीकधी मुरूम आणायच्या ऐवजी बाजूचीच काळी माती ओढून कडेला लावलेली दिसते. चार दिवस ती छान सपाट असते. मग अवकाळी पावसाची एक सर येते, आणि काळी माती काय करते ते वऱ्हाडात वेगळं सांगायला नको. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल थापला जातो, चाक फिरायचं थांबतं, आणि माणूस काडी घेऊन चिखल कोरत रस्त्याच्या कडेला बसतो. सुकल्यावर तिच्यावर गाजरगवत माजतं आणि त्या गवतात खड लपते. मुरूम हवा, तोही दाबलेला, आणि डांबरापेक्षा जरा जास्त उतार दिलेला, म्हणजे पाणी त्याच्यावर न थांबता पलीकडे जाईल. हे तुमच्याच पुस्तकातलं आहे.

मोजणीबद्दल एक विनंती. ग्रामीण रस्त्यांवरची वाहतूक वर्षातून दोनदा, सलग सात दिवस मोजावी, आणि त्यातली एक वेळ सुगीच्या आणि बाजाराच्या हंगामात यावी, असं 1972 ची संहिता सांगते. आपली ती वेळ म्हणजे हिवाळा. या हिवाळ्यात नाक्यावर माणसं बसवाल तेव्हा पहाटे पाच ते आठ या तासांतल्या सायकली वेगळ्या मांडा, आणि त्यांत मुली किती तेही लिहून घ्या. रकाना एकच वाढेल.

एके काळी नगरपालिकेकडे प्रत्येक सायकलची नोंद असे. वर्षाचा कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो हँडलला ठोकायचा. रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचे, म्हणून लोक डायनमो बसवत. तो टायरला घासत घुर्र वाजायचा आणि चढावर पायांना जड जायचा. तो कर गेला ते बरंच झालं. पण त्याबरोबर सायकल कागदावरून गेली. आज सायकलला नंबर नाही, आरटीओकडे नोंद नाही, विमा नाही. ती रस्त्यावर असते आणि कोणत्याच दप्तरात नसते. आम्हालाही आमची बाजू सांभाळायची आहे, ती मी आमच्या लोकांना सांगतोच. मागचा लाल रिफ्लेक्टर धुळीने झाकला की तो असून नसल्यासारखा. रोज निघताना मफलरच्या टोकाने पुसावा. पुढे साधा बॅटरीवरचा दिवा लावावा, अंगात गडद स्वेटर नको, मडगार्डला पांढरी पट्टी मारावी. इतकं करूनही खडेत उतरलेलं चाक वर येत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो आहे.

आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. धामणगाव, चांदूर आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांची जमीन त्यात आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, आणि 2025 च्या जूनमध्ये 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे, सायकलला आहेच. ते योग्य आहे, त्या वेगात सायकलने जाऊही नये. पण ज्यांच्या वावरातून तो गेला त्यांना वावराकडे जायला खालचे बोगदे आणि कडेचे कच्चे रस्तेच उरले आहेत. हिवाळ्याच्या पहाटे त्या बोगद्यात ओल असते आणि उजेड नसतो. एवढा मोठा रस्ता आखणाऱ्यांना त्याच्याखालून जाणाऱ्या सायकलसाठी एक दिवा लावणं अवघड नाही.

पांदणींबद्दल लिहायला घेतलं तर हात थांबत नाही. रविवारी सायकल घेऊन डांबर सोडलं की दुसरंच जग लागतं. पावसाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या थंडीत दगडासारख्या वाळतात. त्यांत चाक शिरलं की सायकल तुमचं ऐकत नाही, चाकोरी नेईल तिकडे जाते. म्हणून मधल्या गवताळ वरंब्यावरून चालवायचं, नजर दहा-बारा हात पुढे ठेवायची, हातांची पकड सैल ठेवायची. कुसळं मोज्यांत शिरतात आणि घरी येऊन एकेक काढावी लागतात. आणि काटे. शेताला कुंपण म्हणून बोरी-बाभळीच्या काट्या लावलेल्या असतात, त्यातल्या फांद्या वाटेवर विखुरतात. आमचा पंक्चरवाला ट्यूब बाहेर काढतो, टायरच्या आतून अंगठा हळूहळू फिरवत नेतो, एका जागी थांबतो आणि मोडलेलं टोक चिमट्याने ओढून हातावर ठेवतो. "हा बोरीचा आहे जी," तो म्हणतो. "बाभयीचा काटा सरका असते, बोरीचा वाकडा. वाकडा राहून गेला त उद्या पुन्हा येसान." घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघताना त्याची बोटं लाल झालेली असतात, सकाळी आठलासुद्धा ते पाणी बर्फासारखं असतं.

मालखेडच्या तलावाकडे गेलं की हिवाळ्यात पाहुणे पक्षी आलेले असतात. चक्रवाकांची जोडी लांबून ओरडते, आणि सायकलला इंजिन नसल्याने पाण्यापासून जरा अंतरावर उतरलात तर ते उडत नाहीत. जंगलाच्या बाजूला साग, धावडा, सालई, तेंदू. सागाची पानं खाली पडलेली, त्यांच्यावरून चाक गेलं की करकर आवाज होतो आणि तो आवाजच बरा, कारण सायकल फार गुपचूप येते. पोहरा-मालखेडच्या पट्ट्यात बिबट आहे, रोही आहेत. 2018 च्या ऑक्टोबरात शेजारच्या धामणगाव तालुक्यात वाघाने दोन माणसं मारली, ते कोणी विसरलेलं नाही. म्हणून राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरायचं नाही, उजाडल्याशिवाय निघायचं नाही, आणि वळणावर घंटी वाजवायची. अमरावतीहूनही हौशी सायकलवाले पोहऱ्याच्या बाजूने थंडीत येतात, महागड्या सायकली, डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकता लाल दिवा. त्यांना आणि दूधवाल्याला कडेचा धोका सारखाच असतो.

राज्य सरकारने 2021 मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. कामं होत आहेत, त्यांचं मी स्वागत करतो. पण खडी टाकून रोलर न फिरवताच काम सोडलं तर त्या सुट्या गिट्टीवरून सायकल ढकलतच न्यावी लागते, बैलांचे खूरही सोलतात. गिट्टी दाबा आणि वर मुरमाचा थर द्या. पांदण वर्षभर चालू राहिली तर गावागावातली कितीतरी मुलं डांबरी रस्त्याला न लागता शाळेपर्यंत पोचतील. ट्रकशिवायचा रस्ता आपल्याकडे आधीच आहे, तो फक्त चालता ठेवायचा आहे.

फिनलंडमध्ये औलू नावाचं शहर आहे, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडंसं खाली. तिथे शून्याखाली वीस अंशांतही मुलं सायकलने शाळेत जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2013 साली त्याच शहरात भरली. तिथे बर्फ पडला की सायकलचे मार्ग सकाळी वेळेत साफ झालेले असतात, आणि लोक त्यावर भरवसा ठेवून घरातून निघतात. आमची आठ-दहा अंशांची थंडी त्यापुढे काहीच नाही. हवा आहे तो भरवसा: काल जिथून गेलो तिथून आजही जाता येईल, हा.

2017 साली 15 डिसेंबरपर्यंत राज्यातले रस्ते खड्डेमुक्त करण्याची घोषणा झाली होती. तेव्हापासून दरवर्षी खड्ड्यांची चर्चा होते, वर्तमानपत्रं फोटो छापतात, आणि खड्डा बुजला की रस्ता दुरुस्त झाला असं सगळे धरून चालतात. डांबरावरचा खड्डा मोटारसायकलवाल्याला दिसतो, आमदारांच्या गाडीलाही जाणवतो. कडेची खड त्या दोघांनाही लागत नाही. ती लागते फक्त सायकलवाल्याला, पायी चालणाऱ्याला, आणि रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपून खाली उतरलेल्या दुचाकीला. म्हणून तुमच्या दुरुस्तीच्या यादीत खड्ड्यांच्या शेजारी कडेचा रकाना टाका: कुठून कुठपर्यंत, किती खोल.

सगळ्या रस्त्यांची कड एकाच वर्षात भरता येणार नाही, हे समजतं. मग क्रम असा लावा. आधी नाल्यांवरच्या पुलांची दोन्ही टोकं, प्रत्येकी शंभरेक पावलं. मग चिरोडी-पोहऱ्याच्या जंगलातली वळणं, जिथे समोरचं काही दिसत नाही. मग प्रत्येक हायस्कूलच्या दोन्ही बाजूंचा दोन-दोन किलोमीटरचा भाग. मग रेल्वेच्या भुयारी मार्गांचे चढ, कारण चढावर सायकलचा वेग मरतो, ती डोलते, आणि तिला तेव्हाच जास्त रुंदी लागते. याच क्रमाने बाभळीच्या फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत छाटा, आणि छाटलेल्या काट्या साइडपट्टीवर न टाकता त्याच दिवशी उचलून न्या.

आणि दसऱ्याआधी, या वर्षी तालुक्यातल्या कोणत्या रस्त्याची कड भरणार, त्याची किलोमीटरनिहाय यादी तहसील कार्यालयाच्या फलकावर लावा. ती वाचायला आम्ही येऊ, आणि काम सुरू झालं की रोज तिथूनच जात असल्यामुळे मुरूम किती पडला, रोलर फिरला की नाही, ते तुम्हाला लेखी कळवत राहू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चांदूर रेल्वेचा एक सायकलस्वार